निशाण चढल्यापासून उतरेपर्यंत

वेलांकणी मातेच्या, म्हणजे मारियेच्या, सणासाठी चर्चच्या आवारात तिचं चित्र असलेलं निशाण २९ ऑगस्टच्या संध्याकाळी चढतं आणि ८ सप्टेंबरच्या रात्री उतरतं. मधले दिवस मोजणं सोपं वाटतं, पण पत्रिका छापताना दरवर्षी कुणीतरी चुकतंच. आम्ही निशाणाचा दिवस नोव्हेनात, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, धरत नाही. ३० ऑगस्ट ते ७ सप्टेंबर हे नोव्हेनाचे नऊ दिवस, ८ तारीख सणाची. काही चर्चमध्ये २९ लाच पहिला दिवस धरतात. मग नववा दिवस ६ ला येतो आणि ७ तारीख मोकळी राहते. दोन्ही चालतं. फक्त फादर, क्वायर (गाणारा गट) आणि पत्रिका छापणारा या तिघांची मोजणी एक हवी. नाहीतर 'दिवस आठवा' दोन तारखांना छापला जातो आणि त्या दिवशीचे वाचक दोन निघतात.

८ सप्टेंबर हा पवित्र मारियेचा जन्मदिन. तामिळनाडूत नागपट्टिनम जिल्ह्यात समुद्रकाठी वेलांकणीचं तीर्थक्षेत्र आहे. वादळात सापडलेले पोर्तुगीज खलाशी याच तारखेला तिथे सुखरूप किनाऱ्याला लागले, अशी तिथली परंपरा. त्या चर्चला १९६२ साली बॅसिलिकेचा, म्हणजे पोपने दिलेल्या खास दर्जाच्या चर्चचा, मान मिळाला. तिथे निशाण २९ ऑगस्टलाच चढतं, आणि देशभर जिथे जिथे वेलांकणी मातेची मूर्ती आहे तिथे तोच पंचांग-क्रम चालतो. पुण्यातही कॅम्प, खडकी, येरवडा, पिंपरी-चिंचवड असा सगळीकडे भाविक पसरलेला आहे. तमिळ घरं तिला आरोग्य माता म्हणतात, गोव्या-मंगळुराकडची सायबीण म्हणतात, नगर जिल्ह्यातून आलेली मराठी कुटुंबं मतमाउली म्हणतात. या मराठी घरांना सप्टेंबर म्हटलं की श्रीरामपूरजवळच्या हरेगावची यात्राही खुणावते, त्यामुळे एखाद्या शनिवार-रविवारी आमचे निम्मे स्वयंसेवक तिकडे गेलेले असतात. कामाची वाटणी करताना हे आधीच धरून चालावं लागतं.

जाता जाता एक गंमत. नाना पेठेतलं सिटी चर्च हे पुण्यातलं सर्वांत जुनं कॅथलिक चर्च. सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली, साल १७९२. ते मारियेच्या निष्कलंक गर्भधारणेच्या (मारिया पापाविना आईच्या पोटी आली, त्या घटनेच्या) नावाचं, म्हणजे त्याचा सण ८ डिसेंबरचा. ८ डिसेंबर ते ८ सप्टेंबर बरोबर नऊ महिने. मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एवढं सांगितलं की दोन्ही तारखा कायमच्या पाठ होतात.

आता निशाण. खांब पंधरा फुटी असो की तीस फुटी, घोटाळा होतो तो वरच्या कप्पीत. सुती दोरी पावसाने फुगते, कप्पीच्या खाचेत रुतते आणि निशाण अर्ध्यावर थांबतं. खाली बॅण्ड वाजतोय, फादर हात जोडून उभे, आणि दोघं तिघं दोरीला हिसके देतायत, हे दृश्य ज्या चर्चने पाहिलं नाही असं चर्च विरळा. म्हणून नायलॉनची आठ मिलिमीटरची दोरी घ्यायची, खांबाच्या उंचीच्या दुप्पट अधिक हातभर. आदल्या आठवड्यात कप्पीला ग्रीस लावायचं आणि दोरी दहा वेळा वरखाली ओढून बघायची. निशाणाची आडवी काठी दोरीला एकाच जागी बांधली तर ती कलते. तिला दोन टोकांना दोन दोऱ्या बांधून त्या वर एकत्र आणायच्या.

घडी घालणं हे खरं कौशल्य. निशाण टेबलावर उलटं पसरायचं, चित्राची बाजू खाली. लांबीत तीन घड्या घालायच्या. मधल्या घडीत पाकळ्या ठेवायच्या, दोन मुठी, जास्त नाही. मग खालच्या टोकाकडून वर गुंडाळत न्यायचं आणि सुतळीची सरकगाठ मारायची, जिचं मोकळं टोक खालपर्यंत लोंबेल. फादर ते टोक ओढतात, गाठ सुटते, कापड उलगडतं आणि पाकळ्या पडतात. पाकळ्या ओल्या असतील तर पडत नाहीत, कापडाला चिकटून बसतात. ऑगस्टअखेरीच्या हवेत फुलं ओली नसणं अवघड, म्हणून सकाळीच पाकळ्या वर्तमानपत्रावर पंख्याखाली पसरून ठेवायच्या. झेंडू नको, त्याचा पिवळा रंग ओल्या कापडावर उतरतो आणि डाग जात नाही. गुलाब बरा. सरकगाठीला चुकून साधी निरगाठ बसली तर खांबावर चढण्यावाचून उपाय नसतो. त्यामुळे गाठ मारणारा माणूस दरवर्षी एकच असावा.

त्याच दिवशी सॅक्रिस्टीत, म्हणजे फादरांच्या तयारीच्या खोलीत, एक हमखास चूक होते. २९ ऑगस्टला बाप्तिस्ता योहानाच्या शिरच्छेदाचं स्मरण असतं, त्यामुळे मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) फादरांच्या पोशाखाचा रंग लाल. मारियेचं निशाण म्हणून कुणीतरी हौसेने पांढरा पोशाख काढून ठेवतं आणि मिस्सेच्या पाच मिनिटं आधी धावपळ होते. दुसरा घोळ रविवारचा. २०२४ साली ८ सप्टेंबर रविवारी आला. साधारण काळातला (चर्चच्या पंचांगात नाताळ-ईस्टरच्या काळांबाहेरचा) रविवार मारियेच्या जन्मदिनाहून वरचढ असतो, तेव्हा वाचनं आणि रंग कुठला, हे फादरांना महिनाभर आधी विचारून घ्यायचं. ज्या चर्चचं नावच या सणाचं आहे तिथे गणित निराळं. क्वायरने सगळी गाणी जन्मदिनाची बसवून ठेवली आणि नंतर हे कळलं, की रुसवेफुगवे ठरलेले.

मूर्तीला साडी नेसवणं हे बायकांचं काम आणि त्यात त्यांचा शब्द शेवटचा. आमची मूर्ती फायबरची, चार फुटी. सहावारी साडी एवढ्या उंचीला फार होते, म्हणून ती कापायची नाही (अर्पणाची असते), रुंदीत दुमडायची. काठ खाली येईल अशी आतून घडी घ्यायची, कमरेला मऊ नाडीने बांधायची आणि निऱ्या मोजून पाच किंवा सात. हातात बाळ येशू असल्याने पदर सरळ खांद्यावर जात नाही. तो बाळाच्या मागून घेऊन पाठीवर सोडायचा. पिना कापडाला कापडातच मारायच्या. दरवर्षी कुणी नवीन मुलगी टाचणी दाबते आणि मागून आवाज येतो, "अगं बाळा, रंगाला लागेल, कापडात घाल!" टोचलेल्या जागी ओल शिरली की पुढच्या वर्षी तिथे रंगाचा पापुद्रा सुटतो. हाराखाली, साडीच्या रंगाचाच, एक पातळ प्लास्टिकचा तुकडा पाठ आणि छातीवर लावून ठेवला तर फुलांचं पाणी साडीत उतरत नाही. मुकुट नेहमी शेवटी, आणि तो काळ्या धाग्याने मागे बांधलेला. मिरवणुकीत मुकुट घसरला तर लोक अपशकून मानतात, आणि खरं कारण एक न बांधलेला धागा असतो.

साड्या भरपूर येतात, रोज एक बदलली तरी उरतात. उरलेल्यांचा लिलाव करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. आम्हाला ती पटत नाही. नवसाची साडी बोलीत ओढली गेली की अर्पण करणारी मावशी कोपऱ्यात उभी राहून आकडा ऐकत बसते. आम्ही साड्या वहीत नोंदवून, जिथे लग्न ठरलंय आणि हात आखडता आहे अशा घरी देतो, नाव न सांगता.

रोजचा क्रम असा. साडेपाचला जपमाळ, सहा वाजून दहा मिनिटांनी मिस्सा, त्यानंतर नोव्हेनाची प्रार्थना, आजाऱ्यांसाठी आशीर्वाद, शेवटी मूर्तीला स्पर्श करण्याची रांग. जपमाळेच्या एका दशकाला (दहा प्रार्थनांच्या गटाला) चार मिनिटं धरा, पाच दशकं वीस, वर लितानी (मारियेच्या नावांची प्रार्थना). वेळ चुकते ती भाषांमुळे. एक दशक मराठीत, एक कोकणीत, एक तमिळमध्ये, एक इंग्रजीत आणि एक हिंदीत असं वाटून दिलं की प्रत्येक वाचक आपल्या भाषेची थोडी प्रस्तावना करतो आणि वीसची पस्तीस होतात. प्रस्तावना बंद. रहस्याचं (त्या दशकात आठवायच्या प्रसंगाचं) नाव, लगेच 'आमच्या स्वर्गातील बापा'. कुठल्या वारी कुठली रहस्यं याचा कागद माइकच्या दांडीला चिकटवून ठेवायचा: सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, गुरुवारी प्रकाशाची. ही शेवटची २००२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी घातली, त्यामुळे जुन्या पुस्तिकांत सापडत नाहीत आणि गुरुवारी एखाद्या आजी ठामपणे आनंदाची सुरू करतात. त्यांना मध्येच अडवायचं नाही. देवाला वार कळतो.

आता मेणबत्त्या, म्हणजे या अकरा दिवसांतलं सर्वांत कष्टाचं आणि सर्वांत दुर्लक्षित काम.

लोखंडी स्टँड दोन प्रकारचे: वाळूचा ट्रे आणि पाण्याचा ट्रे. वाळूत मेणबत्ती खोचायला सोपी, पण सांडलेलं मेण वाळूत मिसळतं आणि पुन्हा कामाला येत नाही. पाण्याच्या ट्रेत खिळ्यांच्या ओळी असतात, खाली बोटभर पाणी. ठिपकलेलं मेण पाण्यावर पडताच गोठून पापडासारखं तरंगतं आणि झाऱ्याने उचलता येतं. आम्ही पाण्याचा वापरतो. त्यात एकच पथ्य, पापड दर तासाला काढायचे. ते साचत गेले, वर जळक्या वातींचे तुकडे पडले आणि एखादी मेणबत्ती आडवी झाली, की मेणाचं अख्खं थारोळं पेट घेतं. अशा वेळी घाबरून पाणी ओतणं ही सर्वांत मोठी चूक. तापलेल्या मेणात पाणी पडलं की त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण उडून ज्वाला माणसाएवढी वर येते. स्टँडजवळ ट्रेच्या मापाचं पत्र्याचं झाकण आणि कोरड्या वाळूची बादली ठेवायची. झाकण घातलं की हवा तुटते, आग विझते. मग अर्धा तास त्याला हात लावायचा नाही. लगेच उघडलं तर पुन्हा पेटतं.

दोन मेणबत्त्यांत निदान दोन बोटांचं अंतर हवं. दाटीत लावल्या तर शेजारच्या ज्योतीच्या धगीने मेणबत्ती कंबरेत वाकते. लोकांना वाटतं मेण भेसळीचं. मेण ठीक असतं, गर्दी वाईट. सणाच्या दिवशी खिळे रिकामे करण्याशिवाय मार्ग नसतो, आणि अर्धी जळलेली मेणबत्ती उचलताना मागे ती लावणारा उभा असेल तर त्याला फार लागतं. म्हणून उचलणाऱ्याने ती विझवून टोपलीत फेकायची नाही, मागच्या मोठ्या ट्रेत, ग्रोटोच्या (मूर्तीसाठी केलेल्या दगडी गुहेच्या) पायाशी, पेटती नेऊन ठेवायची. तिथे ती पूर्ण जळते. हे दोन माणसांचं काम आहे आणि दोघांनीही नायलॉनचे कपडे घालायचे नाहीत. बॅटरीवरच्या मेणबत्त्या आणून पाहिल्या. सुरक्षित आहेत यात वाद नाही. पण लोक त्या हातात घेऊन उलटसुलट बघतात आणि खिशातली मेणाची काढतात.

मेणाचे हात, पाय, बाळ, घर, हृदय या आकारांचं निराळं आहे. पाय दुखत असेल तर मेणाचा पाय, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ. ही अर्पणं जाळत नाहीत, मूर्तीपुढे ठेवतात. अलीकडे विमान, पासपोर्ट आणि स्टेथोस्कोपही दिसतात. ढिगात खालचे आकार वरच्यांच्या भाराने चेपतात, तेव्हा दर रात्री टोपल्या हलवून सावलीत ठेवायच्या. नंतर सगळं मेण एकत्र वितळवतात. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मेण. थेट आचेवर कधीच नाही. जुन्या सुती धोतरातून गाळलं की वाती आणि काजळी मागे राहतात. ते किलोवर मेणबत्तीवाल्यालाच जातं. फरशीवरचं मेण पत्र्याच्या उलथन्याने खरवडायचं, उरलेल्यावर खाकी कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची. गरम पाण्याने धुऊन मोरीत सोडलं तर ते पुढच्या वळणात गोठतं आणि प्लंबर नेमका ८ तारखेला बोलवावा लागतो.

विनंतीच्या चिठ्ठ्या. पेटीजवळ कागदाचे तुकडे आणि दोऱ्याने बांधलेलं पेन ठेवायचं, न बांधलेलं पेन दुपारपर्यंत नाहीसं होतं. चिठ्ठ्या माइकवर नावानिशी वाचायच्या नाहीत. 'दारू सुटू दे' या वाक्यापुढे नाव असेल तर दुसऱ्या बाकावर सासर बसलेलं असतं. आम्ही ढोबळ गट करतो: आजार, नोकरी, लग्न, मूल, घरातलं भांडण, परीक्षा, व्हिसा, आणि फादर त्या गटांसाठी प्रार्थना सांगतात. आभाराच्या चिठ्ठ्या मात्र वाचतात, नाव गाळून. पेटी उघडताना नेहमी दोघं हवेत, कारण बऱ्याच चिठ्ठ्यांच्या घडीत नोटा असतात. नोट वेगळी, चिठ्ठी वेगळी, रक्कम तिथल्या तिथे वहीत आणि दोन सह्या. सणानंतर चिठ्ठ्या कोळशांवर जाळतात. त्याआधी टाचण्या, फोटो आणि लॅमिनेट केलेले कागद काढावेच लागतात. प्लास्टिक जळल्याचा वास प्रार्थनेचा सगळा नूर घालवतो.

मिस्सेच्या हेतूंबद्दलही, म्हणजे ज्या कारणासाठी किंवा माणसासाठी मिस्सा अर्पण करायची त्याबद्दलही, गैरसमज असतात. नियमाने एका मिस्सेला एक अर्पण. नोव्हेनात प्रत्येक संध्याकाळी डझनावारी हेतू येतात, तेव्हा सामूहिक हेतू म्हणूनच ते घेतले जातात आणि देणाऱ्याला हे पैसे घेण्याआधी सांगायचं असतं. ऑफिसच्या खिडकीवर बसणाऱ्याने हे एक वाक्य गिळलं की नंतर फादरांच्या दारात तक्रार: "माझ्या आईचं नाव एकटं का नाही घेतलं?"

पापनिवेदनासाठी बाहेरून फादर बोलवावे लागतात. प्रत्येकाच्या खुर्चीवर भाषेची पाटी लावा. पाटी नसली की मराठी बोलणाऱ्यांची रांग नेमकी मल्याळी फादरांपुढे लागते. खुर्च्या लाउडस्पीकरच्या खाली नकोत आणि रांगेची पहिली व्यक्ती खुर्चीपासून आठ-दहा फुटांवर थांबेल अशी दोरी बांधा. आत काय बोललं जातं ते बाहेर ऐकू येता कामा नये, एवढी एकच गोष्ट सांभाळली तरी पुरे.

ख्रिस्तप्रसादाचं गणित कागदावर करावंच लागतं. एका माणसाला साधारण पाच सेकंद. बाराशे लोकांना आठ वाटणारे असतील तर प्रत्येकाकडे दीडशे, म्हणजे साडेबारा मिनिटं. चार असतील तर पंचवीस, आणि तोवर क्वायरची गाणी संपतात, लहान मुलं रडायला लागतात, मागचे लोक रस्त्यावर उतरतात. होस्ती (ख्रिस्तप्रसादाच्या पातळ चकत्या) मोजून ठेवायच्या. कमी पडल्या तर फादर मोडून वाटतात, त्याने काही बिघडत नाही. जास्त झाल्या तर पवित्र केलेल्या होस्ती परत डब्यात घालता येत नाहीत, त्या पवित्र पेटीतच ठेवाव्या लागतात आणि तिथे जागा थोडी. म्हणून अंदाज नेहमी थोडा आखडता. मैदानात वाटप असेल तर प्रत्येक वाटणाऱ्याजवळ छत्रीवाला हवा. होस्त म्हणजे गहू आणि पाणी, बाकी काही नाही. पावसाचा एक थेंब पडला तर ती बोटालाच चिकटते.

८ तारखेच्या सकाळी नवी कणसं. ही चाल गोवा-मंगळुराकडची, मोंती फेस्ताची (तिकडच्या मारियेच्या जन्मदिनाच्या सणाची), पण आता आमच्याकडे मराठी घरंही आवडीने नेतात. नऊ दिवस मुलं परडीतून फुलं आणून मूर्तीपुढे वाहतात आणि शेवटच्या दिवशी प्रत्येक घराला आशीर्वादित भाताचं एक कणीस मिळतं. दाणे सोलून दुधात किंवा खिरीत घालतात, घरातल्या प्रत्येकाला एखादा तरी. मंगळुरी घरांत त्या दिवशी जेवण शाकाहारी. अडचण एकच, पुण्याच्या आसपास तेव्हा भात तयार नसतो. मावळात, मुळशीत इंद्रायणीची लावणी जुलैतली. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे पीक पोटरीत किंवा नुकतं फुलोऱ्यावर. शेतकऱ्याकडे लवकर पिकणारं हळवं भात असेल तरच दाणा भरलेली कणसं मिळतात, म्हणून जूनमध्येच बोलून ठेवायचं. नाहीतर किनाऱ्याकडून रात्रीच्या बसने पार्सल मागवायचं. पार्सल बंद खोक्यात आलं की आतली कणसं उबतात, सकाळी काळपट दिसतात. भोकं पाडलेलं खोकं आणि ओलसर गोणपाट सांगा. कुटुंबांच्या संख्येवर शंभर जादा धरा. आजोबा एक घेऊन जातात, आजी दुसऱ्या मिस्सेला येऊन आणखी एक.

त्या दिवसाचं शुभवर्तमान (मिस्सेतलं बायबलचं मुख्य वाचन) मत्तयच्या पुस्तकाच्या सुरुवातीचं, येशूची वंशावळ. अब्राहामापासून नावंच नावं. शियाल्तिएल, जरुब्बाबेल, एल्याकीम. छोटा पाठ वाचायची मुभा आहे, आणि मराठीचा सराव नसलेल्या पाहुण्या फादरांना तो आधी दाखवणं ही माणुसकी.

राहिली मिरवणूक. पुण्यात तिचं नशीब गणपतीच्या तारखांशी बांधलेलं. ज्या वर्षी अधिक महिना आधी येऊन गेला त्या वर्षी गणपती लांबतात आणि आम्ही सुटतो: २०२३ मध्ये चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला गणपती बसले आणि ९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, म्हणजे पहिला दिवस सोडला तर अख्खा नोव्हेना उत्सवाच्या आत. २०२५ मध्ये २७ ऑगस्ट ते ६ सप्टेंबर. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालूच असते आणि बंदोबस्तातून उठलेल्या पोलिसांसमोर आपण ८ तारखेचा अर्ज घेऊन उभे. तेव्हा कॅलेंडर जानेवारीत बघायचं आणि अर्ज जुलैत द्यायचा. पोलीस ठाणं वेगळं, वाहतूक शाखा वेगळी, आणि कॅम्पात रस्ता महापालिकेचा नसून कॅन्टोन्मेंट बोर्डाचा असू शकतो, हे नकाशावर बघून मगच अर्जावर नाव घालायचं. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, रुग्णालय-शाळा-न्यायालयाच्या शंभर मीटर परिसरात शांतता; मार्ग आखतानाच ते टप्पे खुणा करून बॅण्डमास्तरला द्यायचे.

शेजारच्या मंडळाच्या अध्यक्षांना पत्र पाठवण्यापेक्षा प्रत्यक्ष जाऊन भेटावं. "दादा, आमची मिस्सा सहा दहा ते सव्वासात, तेवढा वेळ आवाज कमी ठेवाल?" असं विचारलं की बहुधा आरती पुढे ढकलली जाते; उलट त्यांच्या मिरवणुकीच्या वेळी आपलं आवार पाणी प्यायला उघडं ठेवायचं. फुलांचं मात्र कुणी काही करू शकत नाही. गौरीपूजनाच्या आदल्या पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात शेवंती आणि निशिगंधाचे भाव ऐकून घेण्यासारखेच असतात. त्या दोन दिवसांसाठी जरबेरा आणि हिरव्या पानांवर भागवायचं, आणि ८ तारखेच्या हारांची ऑर्डर आधीच आगाऊ पैसे देऊन ठेवायची.

मूर्ती खांद्यावरच्या पालखीत असेल तर आठ जण, दोन दांड्या, आणि उंचीप्रमाणे लावलेले. चार उंच पुढे आणि चार बुटके मागे असं झालं तर मूर्ती मागे झुकते आणि सगळा भार बुटक्यांवर. बदली जोड्याही त्याच मापाच्या. गाडीवर असेल तर उंची जमिनीपासून मुकुटापर्यंत मोजायची आणि मार्गावरची सर्वांत खाली लोंबणारी केबल आदल्या दिवशी शोधायची. गाडीपुढे बांबूच्या टोकाला आडवी रबरी पट्टी लावलेला एक जण चालतो, तो केबल उचलतो. हा माणूस फोनवर बोलणारा नसावा. पालखीवर पारदर्शक प्लास्टिक गुंडाळलेलं तयार ठेवा. संध्याकाळी पाचनंतर सर येतेच, आणि दिव्यांच्या वायरी उघड्या असतील तर पहिल्या थेंबाला सगळे दिवे जातात. जोडांना नुसती चिकटपट्टी पुरत नाही, ते डब्यात बंद करून डबा उंचावर बांधायचा.

मिरवणुकीत घोषणा तीन भाषांत चालतात. तमिळ गट 'मरिये वाळ्ग' म्हणतो, मागून 'आवे मारिया' येतं, मराठी बायका टाळ्यांवर मतमाउलीचं गाणं धरतात. हे तिन्ही एकाच लाउडस्पीकरवर आणायचा प्रयत्न करू नका. गटांमध्ये वीस पावलांचं अंतर ठेवलं की आपापलं नीट चालतं. अलीकडे चर्चच्या दारात केक कापण्याची टूम निघाली आहे, मारियेचा वाढदिवस म्हणून. मुलांना मजा वाटते हे खरं, पण मूर्ती आत नेण्याच्या घाईत तीनशे मुलांची रांग दारातच अडकते आणि फरशीवर क्रीम पडून पालखीवाल्यांचे पाय घसरतात. केक हॉलमध्ये कापा.

मूर्ती आत गेली, शेवटचा आशीर्वाद झाला की निशाण उतरवतात. गर्दी पांगलेली असते, तरी हे घाईने करायचं नाही, कारण अकरा दिवसांच्या पावसाने दोरीच्या गाठी आवळलेल्या असतात. सुरीने कापू नका, दाभणाने सैल करा. दोरी पुढच्या वर्षी लागते. निशाण जमिनीला टेकू न देता दोघांनी झेलायचं. रात्री घडी घालण्याचा मोह होतो, घालू नये. सॅक्रिस्टीत दोरीवर पसरून दोन-तीन दिवस पंख्याखाली वाळवायचं, उन्हात नाही, उन्हाने निळा रंग उडतो. मग दुमडण्याऐवजी पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून, कडुनिंबाची वाळकी पानं घालून सुती कापडात बांधायचं. जिथे ओलं निशाण कपाटात गेलं, तिथे पुढच्या २९ ऑगस्टला सरकगाठ सुटल्यावर पाकळ्यांबरोबर काळे ठिपके दिसतात, आणि ते नेमके मारियेच्या चेहऱ्यावर असतात.